विज्ञानदृष्टी आणि जीवनाचा अर्थ : बाबासाहेबांच्या तीन कसोट्या

आजच्या शिकलेल्या बौद्ध तरुणापुढे एक प्रश्न उभा आहे. तो टाळून पुढे जाणे यापुढे शक्य नाही, असे आम्हांस वाटते. विज्ञानाने विश्वाची घडण पुष्कळशी उलगडून दाखविली. तीत ईश्वर सापडला नाही, आत्मा सापडला नाही, परलोकही सापडला नाही. मग माणसाने जगावे ते कशासाठी? आणि विज्ञानच जर पुरेसे असेल, तर धम्माची आवश्यकता ती काय?

या प्रश्नास आपल्याकडे साधारणतः दोन उत्तरे दिली जातात. पहिले असे की, विज्ञानाचा प्रांत निराळा आणि धर्माचा निराळा. प्रयोगशाळेत विज्ञान पाळावे, घरी श्रद्धा. दुसरे असे की, आजच्या विज्ञानाने जे जे शोधून काढले ते ते सर्व तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेवले होते. दोन्ही उत्तरे सोयीची आहेत. पण पहिल्याने माणसाच्या बुद्धीचे दोन तुकडे होतात आणि दुसऱ्याने बुद्धी गहाणच पडते. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या दोहोंपैकी एकही उत्तर स्वीकारले नाही. त्यांनी दिलेले उत्तर कोणत्या वाटेने सिद्ध झाले, हे इतिहासाच्या आधारे पाहण्याचा आमचा प्रयत्न आहे.

हा प्रश्न चेंबूरमधून विचारण्यास विशेष कारण आहे. येथे सिद्धार्थ कॉलनीसारख्या वस्त्या आहेत, बुद्धविहारे आहेत, बाबासाहेबांच्या नावाचे उद्यान आहे. सायन-ट्रॉम्बे मार्गाने थोडे पुढे गेले की देशातील अणुविज्ञानाचे सर्वांत मोठे केंद्र लागते. माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने आणि १९२७ पासूनचे देवनारचे डम्पिंग ग्राउंडही याच परिसरात आहेत. विज्ञानाचे सामर्थ्य, त्याचा उकिरडा आणि धम्माचा दिवा ही तिन्ही येथे एकमेकांच्या शेजारी आहेत. म्हणून येथील माणसाला हा प्रश्न पुस्तकी राहत नाही.

युरोपाचा प्रश्न आणि आपला प्रश्न

युरोपात हा प्रश्न ख्रिस्ती धर्माच्या पडझडीतून निर्माण झाला. न्यूटनने ग्रहांची गती नियमांनी बांधली. १८५९ मध्ये डार्विनच्या ग्रंथाने सजीवांच्या उत्पत्तीचा विचार ईश्वरी योजनेपासून सोडविला. समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी १९१७ मध्ये म्युनिक येथे दिलेल्या व्याख्यानात स्पष्टच सांगितले, की आपण काय करावे आणि कसे जगावे या प्रश्नांचे उत्तर विज्ञान देत नाही. तेथील विचारवंतांची व्यथा अशी होती, की जगाला ईश्वराने दिलेला अर्थ होता, तो विज्ञानाने हिरावून घेतला आणि त्याच्या जागी काहीच ठेवले नाही.

आपल्या लोकांचा इतिहास याहून निराळा आहे. आपल्या पूर्वजांच्या जीवनास अर्थ नव्हता असे नाही. अर्थ होता, आणि तो फार पक्का ठरवून दिलेला होता. गावकुसाबाहेर जन्म का झाला, मेलेले ढोर ओढण्याचे काम याच कुळाच्या वाट्यास का आले, पाणवठ्यावर पाय का ठेवायचा नाही, या प्रत्येक ‘का’ला उत्तर तयार होते : गतजन्मीचे कर्म. या उत्तराने दुःखाला अर्थ मिळाला आणि दुःख देणाऱ्यांना निर्दोषत्व मिळाले. बाबासाहेबांनी गतकर्माच्या सिद्धांतावर केलेली टीका याच मर्मावर आहे. गरीब व दलित यांच्या स्थितीची जबाबदारी राज्याने आणि समाजाने झटकून टाकावी, यापलीकडे त्या सिद्धांताचा काही हेतू असू शकत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते.

तेव्हा ज्या अर्थाच्या लोपाने युरोपातील विचारवंत व्याकूळ झाला, तशाच अर्थाच्या लोपाने आपला माणूस मोकळा झाला. वरून लादलेला अर्थ गेल्याचे दुःख आपण करण्याचे कारण नाही. परंतु मोकळे झाल्यानंतर काय करावयाचे, हा प्रश्न मात्र आपल्यालाही चुकलेला नाही.

बाबासाहेबांच्या पूर्वीची वाट

या वाटेवर बाबासाहेबांच्या आधी काही माणसे चालून गेली होती. मद्रासचे पी. लक्ष्मी नरसू हे विज्ञानाचे प्राध्यापक. पंडित अयोती दास यांनी तमिळ प्रदेशात अस्पृश्य समाजात बौद्ध चळवळ उभी केली, तिच्याशी नरसूंचा निकटचा संबंध होता. त्यांचा ‘द इसेन्स ऑफ बुद्धिझम’ हा ग्रंथ १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. चमत्कार आणि गूढवाद बाजूस सारून बुद्धाची शिकवण बुद्धीला पटेल अशा रीतीने मांडणे, हा त्या ग्रंथाचा विशेष होय. पुढे १९४८ मध्ये बाबासाहेबांनी स्वतःची प्रस्तावना जोडून तो पुन्हा प्रसिद्ध केला. प्रयोगशाळेत वावरणारा आणि जातिभेदाविरुद्ध झगडणारा माणूस एकच असू शकतो, याचे नरसू हे उदाहरण होते.

दुसरे नाव आपल्या मराठी मुलखातले. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ मध्ये जन्मलेले धर्मानंद कोसंबी १८९९ मध्ये घर सोडून निघाले. पुणे, काशी, नेपाळ अशी पायपीट करीत ते १९०२ मध्ये सिंहलद्वीपास पोहोचले आणि तेथे पाली शिकले. पुढे हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी ‘विसुद्धिमग्ग’ ग्रंथाच्या संपादनाचे काम केले, आणि १९३७ मध्ये मुंबईत परळच्या कामगार वस्तीत बहुजन विहाराची स्थापना केली. त्यांचा ‘भगवान बुद्ध’ हा ग्रंथ १९४० मध्ये निघाला. वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला ही कथा त्यांनी इतिहास म्हणून मानली नाही. त्याऐवजी त्यांनी ‘सुत्तनिपाता’तील अत्तदण्डसुत्ताकडे लक्ष वेधले. आटत चाललेल्या पाण्यातील माशांप्रमाणे तडफडणारी, एकमेकांशी झगडणारी माणसे पाहून उपजलेल्या भयाचे वर्णन त्या सुत्तात आहे. म्हणजे गृहत्यागाचे कारण त्यांनी माणसामाणसांतील कलहात शोधले. ग्रंथाची चिकित्सा करणे म्हणजे श्रद्धा सोडणे नव्हे, हे त्यांनी स्वतःच्या आचरणाने दाखवून दिले.

तीन कसोट्या

शालेय वयात बाबासाहेबांच्या हाती कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र दिले. तेथून १९५६ पर्यंतचा प्रवास सर्वज्ञात आहे. येथे आपल्यापुरते दोन टप्पे महत्त्वाचे आहेत.

पहिला टप्पा मे १९५० चा. महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात बाबासाहेबांनी बुद्ध आणि त्याच्या धर्माचे भवितव्य या विषयावर लेख लिहिला. समाजाला एकत्र राखण्यासाठी नीती लागते. धर्म टिकायचा तर तो बुद्धीशी, म्हणजेच विज्ञानाशी, सुसंगत असला पाहिजे. त्याच्या नीतिनियमांनी स्वातंत्र्य, समता व बंधुता मान्य केली पाहिजे. आणि त्याने दारिद्र्याचे उदात्तीकरण करता कामा नये, अशा चार अपेक्षा त्यांनी तेथे मांडल्या. विज्ञानाशी सुसंगती ही चारांपैकी एक अपेक्षा आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. तिच्याविना धर्म टिकत नाही; पण तिच्या एकटीने धर्म पुरा होत नाही.

दुसरा टप्पा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचा. महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. बुद्धाचे म्हणून सांगितले जाणारे वचन खरोखर बुद्धाचे आहे काय, हे ओळखण्यासाठी बाबासाहेबांनी त्यात तीन कसोट्या दिल्या आहेत. जे बुद्धीला व तर्काला धरून आहे तेच बुद्धाचे मानता येईल, ही पहिली. ज्याचा मानवाच्या कल्याणाशी संबंध नाही अशा चर्चेत बुद्ध कधी शिरले नाहीत, ही दुसरी. बुद्धांनी सर्व विषयांचे निश्चित आणि अनिश्चित असे दोन वर्ग केले. निश्चित विषयांवर ते ठामपणे बोलले आणि इतर विषयांवरील मते त्यांनी केवळ तात्पुरती म्हणून मांडली, ही तिसरी.

आमच्या मते आपल्या प्रश्नाचे उत्तर या तीन कसोट्यांत आहे. पहिली आणि तिसरी कसोटी कोणत्याही प्रामाणिक वैज्ञानिकाची आहे : तर्काला धरून बोला, आणि जेथे खात्री नाही तेथे खात्रीचा आव आणू नका. मधली कसोटी जीवनाच्या अर्थाची आहे. बाबासाहेबांनी या तिन्ही एकाच दाव्याला बांधल्या. सत्याचा शोध एकीकडे आणि जगण्याचा हेतू दुसरीकडे, असे दोन खण त्यांनी केले नाहीत. एखादा विचार खरा आहे काय, हे विचारणाऱ्यानेच तो माणसाच्या उपयोगाचा आहे काय, हेही विचारायचे आहे.

या कसोट्या त्यांनी स्वतः कशा वापरल्या ते पाहावे. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा किंवा प्रेत पाहिलेच नाही, हे त्यांना पटले नाही. म्हणून त्यांनी परिव्रज्येचे कारण रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात पेटलेल्या वादात पाहिले. सिद्धार्थाने संघात युद्धास विरोध केला, बहुमत विरुद्ध गेले, आणि त्यांनी देशत्याग पत्करला. पुढे युद्ध टळल्याची वार्ता आली तेव्हा परतण्यास मोकळीक होती. पण सिद्धार्थांना वाटले की राष्ट्राराष्ट्रांतील युद्ध कधीमधी होते, वर्गावर्गांतील संघर्ष मात्र नित्याचा आहे आणि जगातील दुःखाचे मूळ त्यात आहे. त्यावर उपाय शोधण्यासाठी ते पुढे निघाले. जीवनाच्या अर्थाचा शोध तो हाच. पाण्याच्या तंट्यातून तो सुरू झाला आणि माणसामाणसांतील नात्याकडे वळला. आकाशाकडे पाहण्याची त्यास गरज पडली नाही.

पुनर्जन्माच्या प्रश्नावरही तीच रीत आहे. देह ज्या घटकांचा बनतो ते मृत्यूनंतर नष्ट होत नाहीत, विश्वातील तशाच घटकांच्या साठ्यात मिळतात, आणि ऊर्जेचा नाश होत नाही हे विज्ञानही मानते, असे त्यांनी लिहिले. येथे काही लोक घाईने टाळ्या वाजवतात आणि विज्ञानाने पुनर्जन्म सिद्ध केला असे म्हणतात. बाबासाहेबांनी तसे म्हटलेले नाही. पुनर्जन्म कशाचा आणि पुनर्जन्म कोणाचा, असे दोन प्रश्न त्यांनी वेगळे केले. आत्म्याचा पुनर्जन्म त्यांनी नाकारला. निरनिराळ्या मृतांच्या घटकांतून नवा देह घडला तर तो त्याच व्यक्तीचा पुनर्जन्म म्हणता येणार नाही, हे त्यांनी स्पष्ट केले. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम व्यक्तीच्या स्मृतीची आणि गुणदोषांची हमी देत नाही. भौतिकशास्त्राचा विद्यार्थीही हेच सांगेल.

ट्रॉम्बे : प्रज्ञेची तलवार

१९५६ हे वर्ष आपल्यासाठी धम्मदीक्षेचे वर्ष होय. त्याच वर्षी ४ ऑगस्टला चेंबूरच्या पलीकडे ट्रॉम्बे येथे ‘अप्सरा’ ही भारतातील पहिली अणुभट्टी कार्यान्वित झाली. त्यानंतर सव्वादोन महिन्यांनी, १४ ऑक्टोबरला, नागपुरात धम्मचक्र फिरले. एका वर्षात या देशाने अणूची शक्ती हाती घेतली आणि लाखो माणसांनी माणूस म्हणून नवा जन्म घेतला. त्या दोन घटनांचा एकमेकींशी कार्यकारणसंबंध नाही. पण त्या एकत्र वाचण्याजोग्या आहेत.

प्रज्ञेविषयी बाबासाहेबांनी केलेले विवेचन येथे आठवते. शीलाविना प्रज्ञा धोक्याची आहे. ती माणसाच्या हातातील तलवारीसारखी आहे. शीलवानाच्या हाती ती संकटात सापडलेल्याचे रक्षण करील, शीलहीनाच्या हाती खून. ट्रॉम्बेचा इतिहास या दृष्टीने पाहावा. येथील किरणोत्सारी समस्थानिके रोगनिदानाच्या आणि उपचाराच्या कामी आली. येथील संशोधकांनी आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने मिळून भुईमुगाचे ‘टॅग-२४’ हे वाण दिले, ते शेतकऱ्यांच्या रानात पोहोचले. आणि १८ मे १९७४ च्या पोखरण येथील स्फोटासाठी लागलेले प्लुटोनियमही येथल्याच ‘सायरस’ अणुभट्टीतून आले. त्या स्फोटाला लोकांनी ‘बुद्ध हसला’ असे नाव चिकटविले. १९९८ चे स्फोट तर ११ मे रोजी, ऐन वैशाख पौर्णिमेस सुरू झाले. अट्ठकथांमध्ये रोहिणीच्या काठी दोन सैन्यांच्या मध्ये उभा राहणारा शास्ता अशा प्रसंगी हसला असता काय, हे वाचकांनीच ठरवावे. पण अणूचे विभाजन कसे होते हे सांगणारे समीकरण त्याचा उपयोग कशासाठी करावा हे सांगत नाही, एवढे यातून निःसंशय सिद्ध होते.

हे त्या काळी एका वैज्ञानिकाने ओळखले होते. धर्मानंदांचे पुत्र दामोदर कोसंबी हे गणिती, डॉ. होमी भाभा यांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते १९६२ पर्यंत होते. भारतासारख्या उन्हाच्या देशाने अणुऊर्जेऐवजी सौरऊर्जेकडे वळावे, असे त्यांनी उघडपणे मांडले आणि जागतिक शांतता चळवळीत भाग घेतला. ते मार्क्सवादी होते, पित्याप्रमाणे बौद्ध उपासक नव्हते. तथापि ज्ञान कोणाच्या कामी येते, हा त्यांचा प्रश्न बाबासाहेबांच्या दुसऱ्या कसोटीचाच होता. अशी विचारणा केल्याने विज्ञानाचा अवमान होत नाही. ती न केल्याने मात्र विज्ञान सत्ताधाऱ्यांचे हत्यार होते.

१९७६ : एक वर्ष, दोन घटना

चेंबूरच्या इतिहासात १९७६ हे वर्ष विसरण्याजोगे नाही. आणीबाणीचे दिवस होते. अणुकेंद्राशेजारी जनता कॉलनी नावाची सुमारे ७०,००० लोकांची वस्ती होती. केंद्राच्या विस्तारासाठी जागा हवी म्हणून ती त्या वर्षी मे महिन्यात उठविण्यात आली आणि लोकांना चित्ता कॅम्प येथे हलविण्यात आले. जोकिन अर्पुथम यांनी या वस्तीसाठी अनेक वर्षे लढा दिला. पुढे झोपडपट्टीवासीयांच्या चळवळीचे नेते म्हणून त्यांचे नाव जगभर झाले.

त्याच वर्षी संसदेने ४२ वी घटनादुरुस्ती केली आणि नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत वैज्ञानिक दृष्टिकोनाचा समावेश केला. अनुच्छेद ५१-क मधील ते कलम नीट वाचले पाहिजे. तेथे वैज्ञानिक दृष्टिकोन एकटा नाही. मानवतावाद आणि शोधक वृत्ती यांच्यासह तो एकाच वाक्यात आला आहे. कागदावर या गोष्टी एकत्र आल्या, त्याच सुमारास ट्रॉम्बेच्या कुंपणापाशी त्यांची फारकत झालेली लोकांनी पाहिली. ज्यांची घरे गेली त्यांना अणूचे रहस्य कळले की नाही हा प्रश्न गौण होता. त्यांच्या जीवनाला राष्ट्राच्या हिशेबात काही मोल आहे की नाही, हा खरा प्रश्न होता. जीवनाच्या अर्थाचा प्रश्न निवांत माणसाच्या चिंतनाचा विषय आहे, असे समजणाऱ्यांनी ही घटना अभ्यासावी.

मृत्यूपुढे काय?

एक आक्षेप उरतो आणि तो गंभीर आहे. समाज बदलणे हा जीवनाचा अर्थ असेल. पण घरात मृत्यू झाला, तरुण मुलगा गेला, तर त्या मातेला समतेचे तत्त्व काय देणार? बावीस प्रतिज्ञांनी आपण श्राद्ध आणि पिंडदान सोडले. परलोकात भेट होईल हा दिलासाही सोडला. मग तिच्या हाती काय उरले?

याचे उत्तर किसा गोतमीच्या कथेत आहे. मृत बालकाला कवटाळून औषध मागणाऱ्या त्या मातेला तथागतांनी चमत्कार दाखविला नाही आणि स्वर्गाचे आश्वासनही दिले नाही. ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरून मोहरी आणण्यास त्यांनी तिला पाठविले. म्हणजे तिला त्यांनी शोध घ्यावयास लावले. ती दारोदार गेली, विचारीत राहिली, आणि तिला जे कळले ते स्वतःच्या अनुभवाने कळले. सत्य तिच्यापासून लपविले गेले नाही. परंतु ते तिला एकटीला गाठून सांगितलेही गेले नाही. प्रत्येक दारात तिला तिच्यासारखीच दुःख सोसलेली माणसे भेटली. चौकशीही झाली आणि करुणाही मिळाली. विज्ञानदृष्टी आणि जीवनाचा अर्थ यांचा मेळ याहून सोप्या शब्दांत सांगता येईल, असे आम्हांस वाटत नाही.

आपल्या वस्त्यांत कोणी गेले की शेजारी जमतात, त्रिशरण-पंचशील होते, पुण्यानुमोदनाच्या दिवशी गेलेल्याच्या गुणांची आठवण निघते. कोणी त्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ विहारास वा शाळेस पुस्तके देतो. हे विधी मृताला कोठे पोहोचविण्यासाठी नाहीत. मागे राहिलेल्यांनी एकमेकांना सावरावे आणि गेलेल्याचे चांगले काम पुढे न्यावे, यासाठी ते आहेत. ही जाणीव सुटली तर हेच विधी उद्या नवे कर्मकांड होतील, आणि ते पहिल्या कसोटीवर टिकणार नाहीत. उलट, विज्ञानाच्या नावाने हे सारे टाकून दिले तर दुःखाच्या प्रसंगी माणूस एकटा पडेल, आणि एकटा पडलेला माणूस बुवाच्या दारी जाण्यास वेळ लागत नाही.

आपले कर्तव्य

यावरून आपल्या विहारांनी आणि अभ्यासमंडळांनी काही गोष्टी मनावर घ्याव्यात, अशी आमची विनंती आहे. धम्माला विज्ञानाच्या प्रमाणपत्राची गरज नाही. तेव्हा अणुसिद्धांत वा पुंजभौतिकी बुद्धाला ठाऊक होती, असली विधाने धम्मदेसनेतून वर्ज्य करावीत. त्याने तिसरी कसोटी मोडते. ग्रंथवाचनाच्या वेळी उपासक-उपासिकांना प्रश्न विचारण्यास मोकळीक द्यावी. संबोधीविषयीचा आदर प्रश्नाने कमी होत नाही. बाबासाहेबांनी आपल्या मुंबईच्या महाविद्यालयाला सिद्धार्थाचे नाव दिले, आणि औरंगाबादचे महाविद्यालय ज्याच्या नावाने चालते तो मिलिंद राजा नागसेनाला एकामागून एक अडचणीचे प्रश्न घालणारा होता, हे विसरू नये. आणि विज्ञान शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना पदवीबरोबर हेही सांगावे, की त्यांच्या ज्ञानावर देवनारच्या ढिगाऱ्यावर कचरा वेचणाऱ्या बाईचाही हक्क आहे.

मे १९५६ मध्ये बीबीसीवरून बोलताना बाबासाहेबांनी आपणांस बौद्ध धम्म का आवडतो याचे कारण तीन तत्त्वांत सांगितले : प्रज्ञा, करुणा आणि समता. अंधश्रद्धा व अलौकिकता यांच्या विरुद्ध उभी असलेली समज ती प्रज्ञा. तिच्यात विज्ञानाचा समावेश आहेच. पण त्यांनी एकच तत्त्व सांगितले नाही, तीन एकत्र सांगितली. आपल्या जीवनाला अर्थ कोणी बाहेरून आणून देणार नाही. तिन्ही तत्त्वे एकत्र आचरताना तो आपल्यालाच घडवावा लागेल, आणि त्याचा आरंभ आपल्या वस्तीतून, आपल्या शेजाऱ्यापासून करावा लागेल.